पुनर्विकास: निविदा काढण्याआधी सोसायटीने काय काय तपासून ठेवावं?

पार्लेपूर्व_२४ | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

विलेपार्ले पूर्वेला आमची १९७६ सालची इमारत आहे. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, २४ सभासद. बारा घरं ३४० चौरस फूट कार्पेटची आणि बारा ४२० ची. मी गेली दोन वर्षं सचिव आहे. हा धागा काढतोय कारण पुढच्या महिन्यात आम्ही पुनर्विकासासाठी निविदा मागवायच्या म्हणतोय, आणि त्याआधी काही राहून गेलंय का हे इथल्या अनुभवी लोकांनी सांगावं अशी मनापासून इच्छा आहे.

आधी २०१७ ची गोष्ट सांगतो, कारण त्यातूनच हे सगळं आलं. तेव्हा एक विकासक ओळखीतून आला. पहिल्याच भेटीत त्याने ४५ टक्के जादा जागा, भाडं, कॉर्पस (सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम) असं सगळं सांगून टाकलं. गच्चीवर सभा झाली, लोक हरखून गेले, तीन आठवड्यांत आम्ही त्याला पत्र देऊन मोकळे झालो. आमच्या हातात स्वतःचा एकही कागद नव्हता. हिशोब त्याचा, आर्किटेक्ट त्याचा, वकीलही त्यानेच सुचवलेला. आठ महिन्यांनी तो म्हणाला, प्लॉट कमी भरतोय आणि विमानतळामुळे उंचीही हवी तेवढी मिळणार नाही, तेव्हा २२ टक्के देतो. आमच्यात दोन तट पडले. काही घरांमध्ये आजही बोलणं नाही. विकासक निघून गेला. जिन्यातलं प्लॅस्टर मात्र पडत राहिलं.

त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. आमची जमीन किती, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. खरेदीखतात १,०५० चौरस मीटर लिहिलंय, प्रॉपर्टी कार्डावर १,०१८ आहे, आणि या वेळी मोजणी करून घेतली तेव्हा कुंपणाच्या आत १,००३ भरली. शेजारच्यांची भिंत एका बाजूने आमच्या हद्दीत आली आहे. त्याने १,०५० वर हिशोब मांडला होता आणि आम्ही मान डोलावली होती.

म्हणून या वेळी ठरवलं, कोणत्याही विकासकाशी चहासुद्धा घ्यायचा नाही, आधी आपलं घर आपण मोजायचं. गेल्या चौदा महिन्यांत झालेलं काम असं:

मानीव अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी कायद्याने सोसायटीकडे येणं) झालं आणि प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढलं. महापालिकेतून १९७६ चे मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळवल्या. विकास आराखड्याचे शेरे घेतले, त्यात समोरच्या रस्त्याची रुंदीकरणाची रेषा आमच्या फाटकाच्या आतून जाते असं निघालं. संरचनात्मक तपासणी झाली, इमारत सी-२अ मध्ये, म्हणजे मोठी दुरुस्ती लागणाऱ्या श्रेणीत आली. आणि सोसायटीने स्वतःच्या पैशाने नेमलेल्या आर्किटेक्टकडून व्यवहार्यता अहवाल तयार करून घेतला.

अहवाल ३८ पानांचा आहे. मी तो चारदा वाचला. तरी मनात धाकधूक आहे की यात नसलेलंच काहीतरी पुढे आडवं येईल. सांगा, काय विचारायचं राहिलंय?

---

रेषा_आणि_माप | ३ जून, रात्री ११:१५

आर्किटेक्ट आहे, वीसेक वर्षं उपनगरांतल्या सोसायट्यांची कामं करतोय. तुम्ही योग्य क्रमाने चालला आहात. बहुतेक सोसायट्या तुमच्या २०१७ च्या पद्धतीनेच सुरुवात करतात.

अहवालात या गोष्टी आहेत का ते बघा.

पहिली, विद्यमान बांधीव क्षेत्र नक्की किती धरलंय? मुंबईची विकास नियमावली, म्हणजे डीसीपीआर २०३४, हिच्या विनियम ३३(७)(ब) खाली तीस वर्षांवरच्या सोसायटीला प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं, ते विद्यमान बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते. तुमची घरं छोटी आहेत. बांधीव क्षेत्र १,००० चौरस मीटरच्या आसपास असेल तर १५ टक्क्यांनी १५० होतात, पण २४ घरांचे दहा-दहा धरले तर २४०. हा नव्वद मीटरचा फरक तुमच्या बाजूचा आहे. एका सोसायटीच्या अहवालात मी हा चुकून १५ टक्क्यांनी धरलेला पाहिलाय.

दुसरी, उंची. पार्ल्यात हाच खरा प्रश्न आहे. विमानतळ प्राधिकरण उंची समुद्रसपाटीपासून मोजतं, जमिनीपासून नव्हे. म्हणजे तुमच्या प्लॉटची स्वतःची पातळी त्यातून वजा होते. रंगीत नकाशावर बघून अंदाज बांधू नका. जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची पातळी यांचा दाखला अधिकृत सर्व्हेअरकडून घ्या. मग वरची मर्यादा वजा तुमची पातळी, त्यातून पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीनरूम वजा, आणि उरलेल्यात किती मजले बसतात ते काढा. मिळणारा सगळा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात जेवढं बांधकाम करता येतं ते) तेवढ्या मजल्यांत बसतो का? नसेल बसत तर तो हिशोबात धरायचाच नाही. तुमच्या ४५ टक्क्यांचे २२ झाले ते बहुधा इथेच.

तिसरी, रस्ता. रुंदीकरणात जाणाऱ्या जागेचा मोबदला एफएसआयच्या रूपात मिळतो, त्यामुळे ते क्षेत्र पूर्ण बुडालं असं नाही. जमीन मात्र जाते. गाड्या वळायला जागा, अग्निशमन बंबाला वाट, बाजूची मोकळी जागा, हे सगळं उरलेल्या प्लॉटवर बसवायचं असतं. त्यामुळे अहवालात नुसता एफएसआयचा तक्ता असेल तर तो अर्धा अहवाल समजा. प्राथमिक नकाशा काढून घ्या, त्यात पार्किंगसकट सगळं बसलेलं दिसलं पाहिजे.

प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) किती, तेही रस्त्याच्या रुंदीवरच ठरतं. तेव्हा रस्त्याची रुंदी टेपने मोजू नका, शेऱ्यांमध्ये काय लिहिलंय ते धरा.

---

मुलुंडचा_सचिव | ४ जून, सकाळी ८:०५

आमचं पुनर्विकसित घर चार वर्षांपूर्वी मिळालं. जे आम्ही आधी तपासलं नाही ते सांगतो, ते म्हणजे राहायला गेल्यानंतरचा खर्च.

जुन्या इमारतीत महिना २,४०० रुपये भरायचो. आता ८,४०० येतात. दोन लिफ्ट, यांत्रिक पार्किंगचा देखभाल करार, अग्निशमन यंत्रणा, तीन पाळ्यांचे सुरक्षारक्षक. निवृत्त माणसाला महिना सहा हजारांचा फरक म्हणजे वर्षाला ७२ हजार. सात टक्के व्याज धरलं तर एवढी रक्कम सुटायला साधारण सव्वादहा लाखांची ठेव लागते. मग कॉर्पस म्हणून पाच लाख मिळाले तर ते पुरे आहेत की नाहीत, हे प्रत्येकाने आपापलं पाहावं. आम्ही कॉर्पसचा आकडा नुसता ‘बाजूच्या सोसायटीला एवढे मिळाले’ म्हणून मागितला होता.

आणि मालमत्ता कर. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे. तुमची आजची चोवीसही घरं त्यात बसतात. समजा ३५ टक्के जादा मिळाले, तर ३४० चं घर ४५९ होईल, ते माफीतच राहील. पण ४२० चं ५६७ होईल. म्हणजे अर्ध्या सभासदांना कर सुरू होईल, अर्ध्यांना नाही. हे सभेत आधीच सांगा. नंतर कळलं की माणसं सचिवाच्या घरी येतात, मला अनुभव आहे.

---

पार्लेपूर्व_२४ | ४ जून, सकाळी ९:३०

मुलुंडकर, मालमत्ता कराचा मुद्दा आमच्या ३८ पानांत कुठेही नाही. मनापासून आभार. देखभाल खर्चासाठी मी जवळच्या तीन नव्या इमारतींच्या सचिवांना भेटून त्यांची बिलं बघणार आहे.

रेषा_आणि_माप, पातळीचा दाखला घेतलेला नाही. अहवालात उंची रंगीत नकाशावरूनच धरली आहे. आजच आर्किटेक्टना फोन करतो.

---

अंधेरी_जुनी | ४ जून, दुपारी १:२०

एवढा घोळ कशाला घालता? सी-२अ ऐवजी सी-१ अहवाल मिळवा. धोकादायक ठरली की पालिकेची कलम ३५४ ची, इमारत रिकामी करून पाडायची नोटीस येते, विरोध करणारे आपोआप बाहेर पडतात. दोन वर्षं वाचतील.

---

काँक्रीट_आणि_मी | ४ जून, दुपारी ३:५०

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून याला स्पष्ट विरोध नोंदवतो. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायला हवी. हा लोकांच्या जिवाचा निर्णय आहे, मतं जमवायचं हत्यार नाही. खोटा अहवाल दिला तर विरोधातला सभासद दुसरा अहवाल आणतो, दोन अहवालांत तफावत आली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, आणि तिथे चाचण्यांचे आकडे बघितले जातात. वेळ वाचत नाहीच, उलट शेजाऱ्याचा विश्वास कायमचा जातो. आणि खरोखर धोका असलेल्या पुढच्या इमारतीवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

पार्लेपूर्व, तुमच्या तपासणीबद्दल दोन प्रश्न. नुसतं हातोडा मारून आणि रिबाउंड हॅमर लावून अहवाल दिलाय, की कोअर काढून ताकद, ध्वनिलहरींची चाचणी, गंज किती पसरलाय यासाठी हाफ-सेल चाचणी, कार्बोनेशनची खोली हे सगळं झालंय? आणि त्यांच्याकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक घेतलंत का? पुनर्विकास करावा का, हा प्रश्न दुरुस्तीचा आकडा समोर नसताना सुटतच नाही. दुरुस्ती केली तर किती वर्षं मिळतील, हे इंजिनिअरकडून लेखी घ्या.

---

पार्लेपूर्व_२४ | ४ जून, रात्री १०:१०

अंधेरीकर, तुमचा हेतू वेळ वाचवण्याचा असेल, पण तो मार्ग आम्ही घेणार नाही. विरोध करणारे आमचेच शेजारी आहेत. त्यातल्या एकांनी माझ्या आईला रात्री दोन वाजता हॉस्पिटलात नेलं होतं.

काँक्रीट_आणि_मी, चारही चाचण्या झाल्या आहेत. दुरुस्तीचं अंदाजपत्रक ८४ लाखांचं आलं, म्हणजे घरटी साडेतीन लाख, आणि इंजिनिअरनी आठ ते दहा वर्षं लिहून दिली आहेत. हा आकडा आम्ही सभेत सगळ्यात आधी ठेवला. तीन सभासदांचं मत आजही दुरुस्तीचं आहे. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात सविस्तर लिहिलंय.

---

सनद_आणि_दस्त | ५ जून, सकाळी १०:४५

वकील आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा, पुनर्विकासाच्या प्रक्रियेबद्दलचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय शब्दशः वाचून घ्या, २००९ च्या परिपत्रकाच्या आठवणीवर चालू नका. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची लेखी संमती, विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचे अधिकृत प्रतिनिधी, सभेचं चित्रीकरण, विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी, हे त्यातले मोठे मुद्दे. ही तत्त्वं निर्देशात्मक आहेत, बंधनकारक नाहीत, असं उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत म्हटलंय हे खरं. तरीही पाळा. प्रक्रिया स्वच्छ असेल तर विरोधी सभासदाच्या दाव्यात दम राहत नाही.

बँक हमीबद्दल थोडं. निविदेत ती लिहिलेली असते आणि वाटाघाटीत सगळ्यात आधी तीच गळते. ती का हवी याचा आकडा सभासदांना आधीच दाखवा. २४ घरांना सरासरी ४५ हजार भाडं धरलं तर महिन्याला १० लाख ८० हजार होतात. काम सहा महिने रखडलं आणि विकासकाने भाडं थांबवलं तर ६४ लाख ८० हजार सभासदांच्या खिशातून जातील. हे गणित फळ्यावर लिहिलं की हमीचा आग्रह कोणी सोडत नाही.

दुसरं, सभासदत्वाचे कागद. २४ पैकी किती भागपत्रं (शेअर सर्टिफिकेटं) मयत व्यक्तींच्या नावावर आहेत? नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा राहतो. करारावर सही कोण करणार हे प्रत्येक घराचं आत्ता ठरवा. विकासक आल्यावर भावाभावांत वाद निघाला तर त्या एका घरासाठी बाकीचे तेवीस थांबतात.

---

हडसनकाठी | ५ जून, संध्याकाळी ६:३०

मी न्यू जर्सीत असते. दादरला बाबांच्या पश्चात घर आम्हा दोघी बहिणींच्या नावावर आहे, तिथे पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. मला फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या सभा, संमती पाठव’ एवढंच येतं. अहवाल मागितला तर ‘ऑफिसात येऊन बघा’ म्हणतात. परदेशातल्या सभासदांना तुम्ही कागद कसे देता?

---

पार्लेपूर्व_२४ | ५ जून, रात्री ८:५५

आमचे दोन सभासद परदेशात आहेत, एक दुबईत आणि एक मेलबर्नला. पूर्ण अहवाल सगळ्यांना ईमेलने एकाच वेळी गेला, आणि त्यावर लेखी सूचना द्यायला एकवीस दिवस ठेवले. मेलबर्नच्या काकांनीच शेजारच्या भिंतीचा प्रश्न पहिल्यांदा विचारला, इथे राहणाऱ्या आम्हा कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तुम्ही ईमेलवर लेखी मागणी करा ताई. अहवाल सोसायटीच्या पैशाने झालाय, तो तुमचाही आहे.

---

सनद_आणि_दस्त | ५ जून, रात्री ९:२०

आणि कुलमुखत्यारपत्र करणार असाल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. मसुद्यात ‘पुनर्विकासासंबंधी सर्व अधिकार’ असं सरसकट लिहू नका. सभेला हजर राहणं, मत देणं, करारावर सही करणं हे वेगवेगळं लिहा, आणि त्यातलं काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

---

कोथरूडकर | ६ जून, सकाळी ७:५०

पुणेकरांसाठी एक ओळ. इथे डीसीपीआर २०३४ लागू नाही, आपल्याकडे २०२० ची एकत्रिकृत नियमावली आहे. मुंबईच्या आकड्यांवरून आपल्या सभेत टक्केवारी सांगू नका. आमच्या गल्लीचा रस्ता सहा मीटर आहे एवढ्या एका कारणाने आमचा हिशोब बसेना.

---

किती_खर्च | ६ जून, सकाळी ११:००

या सगळ्या पूर्वतयारीला खर्च किती आला? आमच्या सोसायटीत लोक म्हणतात, बिल्डर हे सगळं फुकट करून देतो, आपण पैसे का घालायचे?

---

पार्लेपूर्व_२४ | ६ जून, दुपारी १२:४०

जमिनीची मोजणी आणि घरांची मापं ६० हजार, संरचनात्मक तपासणी १ लाख ४० हजार, व्यवहार्यता अहवाल १ लाख ७५ हजार, वकील ९० हजार. एकूण ४ लाख ६५ हजार, म्हणजे घरटी १९,३७५ रुपये. हा खर्च मंजूर करून घ्यायलाच मला तीन सभा लागल्या.

सभेत मी एकच गणित मांडलं होतं. आमच्या सगळ्या घरांचं मिळून कार्पेट ९,१२० चौरस फूट. म्हणजे जादा जागेचा एक टक्का म्हणजे ९१ चौरस फूट. विक्रीचा दर फुटाला ४० हजार धरला तर त्याची किंमत साडेछत्तीस लाख होते. आपला आर्किटेक्ट वाटाघाटीत आपल्याला अर्धा टक्का जरी जास्त मिळवून देऊ शकला, तरी खर्चाच्या जवळजवळ चौपट परत आले. आणि उलट बाजूही सांगितली. आपल्या अहवालात २८ टक्केच बसतात असं निघालं, तर ४० टक्के देतो म्हणणाऱ्याला आपण पहिल्याच दिवशी विचारू शकू की हे कुठून देणार. २०१७ साली हा प्रश्न विचारायची आमची ताकद नव्हती. त्या एका प्रश्नासाठी मी १९ हजार पुन्हा देईन.

---

स्वबळावर | ६ जून, दुपारी ४:१५

स्वयंपुनर्विकासाचा विचार केलात का? १३ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय आहे, सवलती आहेत, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यासाठी कर्ज देते. विकासकाचा नफा सभासदांच्या घरात येतो.

---

रेषा_आणि_माप | ६ जून, रात्री १०:३०

दोन स्वयंपुनर्विकासांत काम केलंय म्हणून लिहितो. नफा खरा आहे. पण विकासकाची जोखीमही सोसायटीकडे येते. विक्रीच्या घरांना गिऱ्हाईक आलं नाही तर व्याज कोण भरणार, याचं उत्तर तयार लागतं. म्हणून अहवालात विक्रीचा दर आजचा, आजच्यापेक्षा १५ टक्के कमी, आणि विक्री वर्षभर उशिरा, असे तीन तक्ते मागा. तिन्हीत प्रकल्प तरला तरच पुढचा विचार करा. शिवाय रोज साइटवर जाणारी, कागद समजणारी चार माणसं तीन वर्षं मिळतील का? एका सोसायटीत ती होती आणि काम देखणं झालं. दुसरीत सचिवांचं आजारपण आलं आणि दीड वर्ष गेलं.

पार्लेपूर्व, तुमच्यासाठी एक राहिलंच. घरांची मापं घेतलीत म्हणालात, ती कशाची? बंद केलेल्या बाल्कन्या, जिन्याजवळ आत घेतलेला पॅसेज, तळमजल्यावरची मागची शेड हे मंजूर नकाशात नसेल तर त्यावर हक्क सांगता येत नाही. मंजूर नकाशातलं, करारातलं आणि प्रत्यक्षातलं असे तीन रकाने करा आणि प्रत्येक घराची सही त्याच पानावर घ्या.

---

आजीची_नात | ७ जून, सकाळी ९:१०

मी तुमच्याच भागातली आहे, वेगळ्या सोसायटीतली. आमच्याकडेही हे चालू आहे. माझी आजी ८१ वर्षांची, एकटी राहते. तिला टक्के, एफएसआय काही नकोय. ती एवढंच विचारते, तीन वर्षं मी कुठे जाऊ, आणि परत यायला मी असेन का? सभेत याला कोणी उत्तर देत नाही, पुढच्या विषयावर जातात. तुमच्या ३८ पानांत अशा माणसांसाठी काही आहे का?

---

पार्लेपूर्व_२४ | ७ जून, रात्री ११:२५

नाही. दुपारभर हाच विचार करत होतो. आमच्याकडे ७५ च्या पुढचे सहाजण आहेत, त्यातले चार एकटे राहतात, आणि मी त्यांना आजवर ‘संमती आहे / नाही’ एवढंच विचारलं.

आज संध्याकाळी चौघांकडेही जाऊन आलो. एका काकूंना भाड्याचं घर मिळणार नाही अशी भीती आहे, घरमालक एकट्या म्हाताऱ्या माणसाला नको म्हणतात हे त्यांनी मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलंय. एका काकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, त्यांना सेंटरपासून चालत जाता येईल असंच घर हवं. तिसऱ्यांना इच्छापत्राबद्दल विचारायचं होतं, बांधकाम चालू असताना आपण गेलो तर जागा मुलीला मिळेल ना. चौथ्या आजी म्हणाल्या, अंगणातली विहीर बुजवणार का? ती विहीर कोणत्याही नकाशात नाही. आर्किटेक्टनी ती धरलेलीच नाही, आणि पायाच्या दृष्टीने ती धरायला हवी होती.

निविदा पुढच्या महिन्यात काढत नाही आहोत. समितीला तसं कळवलंय. पातळीचा दाखला, तीन रकान्यांची मापं, वारसांची यादी, देखभाल आणि कराचं घरनिहाय पत्रक, विक्रीचे तीन तक्ते, आणि पंचाहत्तरीपुढच्या सहाजणांसाठी वेगळी कलमं: भाड्याचं घर विकासकाने शोधून द्यायचं, करार सोसायटीच्या हमीवर, सामान हलवायला माणसं, आणि भाड्याची रक्कम सहा महिन्यांची आगाऊ. सनद_आणि_दस्त, ही कलमं निविदेतच घालता येतील ना, की करारात?

रविवारी सकाळी दहाला मापं पुन्हा सुरू करतोय, विहिरीवाल्या आजींच्या घरापासून.

---

सनद_आणि_दस्त | ८ जून, सकाळी ७:१५

निविदेतच घाला. करारात नंतर घालायला गेलात तर त्याची किंमत मागतील. मसुदा पाठवा, रविवारपर्यंत वाचून देतो.